वाळा, रोशा आणि संत्र्याची साल : सुगंधी तेलांनी काय होतं, काय होत नाही

२०२१ चा एप्रिल नागपूरकर विसरणार नाहीत. खाट मिळावी म्हणून लोक एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरत होते, ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी रात्र रात्र जागत होते. त्याच दिवसांत घरोघरी एक पुरचुंडी बांधली जात होती. कापूर, लवंग, ओवा आणि वरून निलगिरीच्या तेलाचे दोन-चार थेंब. ती हुंगली की शरीरातला ऑक्सिजन वाढतो, असा निरोप मोबाइलवरून फिरत होता. आमच्याही घरी ती बांधली गेली. हुंगल्यावर छाती खरोखर मोकळी वाटायची. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरचा आकडा मात्र जागचा हलत नसे.

असं का होतं, याचं उत्तर तेव्हाही उपलब्ध होतं. ब्रिटनमधल्या रॉन एक्लिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये कापूर, निलगिरी आणि मेन्थॉल या तिघांच्या वाफा हुंगायला देऊन नाकातून हवा जायला होणारा अडथळा मोजला. अडथळा होता तेवढाच राहिला. हवा जास्त येते आहे असं माणसांना वाटलं, एवढाच फरक. पुढे डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन या दोघांनी स्वतंत्रपणे मेन्थॉल वापरूनच गारव्याची जाणीव देणारा मज्जातंतूंवरचा संवेदक (रिसेप्टर) शोधला. तापमान आणि स्पर्श यांच्या संवेदनेवरच्या कामासाठी या दोघांना नोबेल मिळालं ते २०२१ च्याच ऑक्टोबरमध्ये. म्हणजे पुरचुंडीने दिलेला दिलासा खोटा नव्हता. पण तो गारव्याच्या मज्जातंतूंचा दिलासा होता, फुप्फुसांचा त्याच्याशी संबंध नव्हता. ज्याचा ऑक्सिजन घसरत होता, त्याला बरं वाटू लागलं आणि म्हणून दवाखान्यात जायला चार तास उशीर झाला, तर त्या दिलाशाची किंमत फार मोठी होती.

गेल्या काही वर्षांत शहरात वास पसरवणारे डिफ्यूझर आणि सुगंधी तेलांच्या छोट्या काचेच्या बाटल्या घराघरांत आल्या आहेत. झोपेसाठी लॅव्हेंडर, उदासीसाठी संत्रं, सांधेदुखीसाठी अमुक, मुलांच्या एकाग्रतेसाठी तमुक. यातलं किती खरं, हे तपासताना पुरचुंडीचा तो अनुभव मी जवळ ठेवला आहे. बरं वाटणं आणि बरं होणं या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजायला हव्यात.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. सुगंधी तेल, म्हणजे इसेन्शियल ऑइल, हे खाण्याच्या अर्थाने तेल नव्हे. कागदावर थेंब टाकला तर करडईच्या तेलाचा डाग राहतो, याचा बहुतेक उडून जातो. पान, फूल, मूळ, लाकूड किंवा साल यांतली वासाची द्रव्यं वाफेबरोबर ओढून घ्यायची, वाफ थंड करायची आणि पाण्यावर तरंगणारा थर अलग करायचा, ही त्याची साधी रीत. लिंबूवर्गीय फळांना वाफही लागत नाही, साल दाबली की पुरते. संत्रं सोलताना दिव्यासमोर साल मुडपली की ठिणग्या उडतात, हा खेळ नागपुरात कोण खेळलं नसेल? ठिणगी होऊन पेटतो तो हाच अर्क. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक लिमोनीन असतं. एका थेंबात वनस्पतीचा फार मोठा ऐवज गोळा झालेला असतो. एक किलो गुलाबतेलाला साडेतीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात, हे ध्यानात घेतलं तर ‘नैसर्गिक आहे, चार थेंब जास्त पडले तरी काय’ हे बोलणं किती अजाण आहे ते कळतं.

ही विद्या आपल्याला परकी नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्याने रचवलेल्या ‘मानसोल्लासा’त सुगंधांची आणि धुपांची स्वतंत्र चर्चा आहे. भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी ‘गंधवाद’ या ग्रंथाचं एक दुर्मीळ हस्तलिखित अभ्यासलं. त्यावर मराठी टीका आहे आणि गोड्यांनी तिचा काळ साधारण १३५० ते १५५० च्या दरम्यान ठरवला. सुगंध कसा सिद्ध करावा हे मराठीत लिहून ठेवण्याइतकी गरज तेव्हाच्या लोकांना वाटली होती. आज त्याच विषयावरची मराठी पुस्तिका विकत घ्यावी तर बहुधा इंग्रजीतल्या जाहिरातीचा अनुवाद हाती येतो, याचं मला वाईट वाटतं.

‘अरोमाथेरपी’ हा शब्द मात्र अलीकडचा. रेने-मोरिस गातफोसे या फ्रेंच रसायनज्ञाचं त्या नावाचं पुस्तक १९३७ सालचं. १९१० मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्याचे हात भाजले आणि जखमा सडू लागल्यावर त्याने त्यांवर लॅव्हेंडरचं तेल वापरलं, ही कथा त्याच्यापासूनच चालत आली आहे.

विदर्भाचं स्वतःचं सुगंधी तेल म्हणजे रोशाचं. रोशा गवताला मराठीत तिखाडी असंही म्हणतात. सातपुड्याच्या कोरड्या उतारांवर, मेळघाटापासून बैतूलपर्यंत आणि तिकडे खानदेशात ते आपोआप उगवतं. पाऊस सरला आणि गवत फुलावर आलं की जंगलातल्या ओढ्याकाठी भट्ट्या लागत. पाण्याची सोय, जळणाची सोय आणि गवत तिथलंच. निघालेलं तेल मुंबईला जाई, तिथून जहाजाने तांबड्या समुद्रातल्या बंदरांवर आणि पुढे इस्तंबूलला. तिथे ते गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरत. युरोपातल्या व्यापाऱ्यांना ते तुर्कस्तानातून मिळे, म्हणून त्यांनी नाव ठेवलं ‘टर्किश जिरेनियम’. आमच्या डोंगरातलं गवत, नाव तुर्कांचं आणि मान गुलाबाचा. भेसळ खपायचं कारण रसायनात आहे. गुलाबाच्या वासात जिरॅनिऑल हा मोठा घटक असतो आणि मोतिया जातीच्या रोशाच्या तेलात तोच पाऊणहून अधिक असतो. सोफिया नावाची दुसरी जात दिसायला जवळपास तशीच, पण तिच्या तेलाचा वास वेगळा आणि भावही कमी. या गवताच्या शास्त्रीय नावातला ‘मार्टिनी’ म्हणजे लखनौचा क्लॉड मार्टिन. त्यानेच ते वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नजरेस आणलं.

सांधे दुखले की रोशाचं तेल चोळायची रीत या भागात जुनी आहे. ते चोळल्याने ऊब येते, चोळणारा हात असतो, दुखऱ्या माणसाजवळ कुणीतरी बसतं. मात्र या तेलाने संधिवात आटोक्यात येतो असं दाखवणारे माणसांवरचे भक्कम प्रयोग माझ्या पाहण्यात आलेले नाहीत. प्रयोगशाळेतल्या बशीत रोशाचं तेल जंतू मारतं, हे खरं आहे. बशीत तर मिठाचं पाणीही जंतू मारतं.

आता मनाकडे वळू, कारण या बाटल्या सर्वांत जास्त खपतात त्या मनाच्या नावावर. वासाचा मेंदूत जाण्याचा मार्ग इतर संवेदनांहून आखूड आहे. दिसणं आणि ऐकू येणं मेंदूतल्या मधल्या चौकीवरून पुढे जातं. वास मात्र नाकामागच्या कंदातून भावना आणि आठवण सांभाळणाऱ्या भागांपर्यंत जवळजवळ थेट पोचतो. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना वास ओळखणाऱ्या जनुकांच्या शोधासाठी २००४ चं नोबेल मिळालं. माणसात अशी कामाची जनुकं सुमारे चारशे आहेत. जपानमधल्या कागोशिमा विद्यापीठात २०१८ मध्ये झालेला एक प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. लॅव्हेंडरमधला लिनॅलूल हुंगवला की उंदरांची भीती कमी झाली, पण ज्या उंदरांचं घ्राणेंद्रिय निकामी केलं होतं त्यांच्यावर काहीच परिणाम झाला नाही. म्हणजे वास यावा लागतो. नुसतं द्रव्य अंगात जाऊन भागत नाही.

माणसांवरचे निकाल इतके स्वच्छ नाहीत. व्हिएन्नातल्या एका दंतवैद्यकीय दवाखान्यात २००० साली प्रतीक्षेच्या खोलीत संत्र्याच्या तेलाचा वास सोडला. ७२ रुग्णांपैकी ज्यांना तो वास मिळाला त्यांच्यातल्या स्त्रियांची धास्ती कमी दिसली. नागपूरकर म्हणून वाचताना मलाही बरं वाटलं. पण दहा वर्षांनी हॉलंडमध्ये सफरचंद आणि संत्रं असे दोन्ही वास घेऊन असाच प्रयोग झाला आणि दातांच्या रुग्णांच्या भीतीत काही फरक पडला नाही. दोन्ही प्रयोग प्रामाणिक आहेत. अडचण अशी की वास लपवता येत नाही. गोळीच्या चाचणीत खरी गोळी आणि पिठाची गोळी सारखी दिसते. इथे रुग्णाला पहिल्या श्वासालाच कळतं की आपल्याला काहीतरी दिलंय. अपेक्षेचा परिणाम किती आणि तेलाचा किती, हे वेगळं काढणं म्हणूनच अवघड जातं.

शिवाय वासाची आवड बरीचशी शिकलेली असते. फ्रान्समधल्या संशोधकांनी युजेनॉल, म्हणजे लवंगेचा मुख्य अर्क, लोकांना हुंगायला दिला. दातांच्या डॉक्टरला घाबरणाऱ्यांच्या शरीरात भीतीच्या खुणा उमटल्या, न घाबरणाऱ्यांना तोच वास आवडला. दंतवैद्याच्या खोलीत तो वास असतो ना! सावजी रश्श्याच्या वाफेत वाढलेल्या माणसाला लवंग म्हणजे रविवारची दुपार वाटेल. मग ‘हे तेल आनंद देतं, ते तेल चिंता घालवतं’ असे सगळ्या जगासाठी छापलेले तक्ते कुणाच्या कामाचे?

माझ्या मते नागपूरकराच्या मनाला शांत करणारा वास वाळ्याचा आहे. मार्च संपत आला की कूलर बाहेर काढायचा, वाळ्याच्या जुन्या ताट्या फेकायच्या, नव्या बसवायच्या, पाणी सोडायचं. पहिल्या झोतात ओल्या वाळ्याचा वास घरभर पसरतो आणि पंचेचाळीस अंशांचं ऊन दाराबाहेर राहतं. त्यातला गारवा पाण्याच्या बाष्पीभवनाचा असतो. पण वास आणि गारवा इतकी वर्षं एकत्र अनुभवल्यावर नुसत्या वासानेही जीव निवतो. आयुर्वेदाने वाळ्याला ‘उशीर’ या नावाने थंड द्रव्यांत बसवलं. इतवारीच्या किराणा ओळीत माठात टाकायला वाळ्याची जुडी आजही मिळते. विदेशी बाटलीपेक्षा ती कितीतरी स्वस्त आणि खरी.

औषध म्हणून कसोटीला थोडीफार उतरलेली उदाहरणं मोजकी आहेत, आणि त्यांतली दोन महत्त्वाची पोटात घेण्याची आहेत. जर्मनीत लॅव्हेंडरच्या तेलाची ८० मिलिग्रॅमची कॅप्सूल चिंतेच्या विकारावर वापरतात. २०१४ मध्ये ५३९ रुग्णांवर दहा आठवडे झालेल्या चाचणीत ती नकली गोळीपेक्षा सरस ठरली. त्या चाचणीत पॅरोक्सेटिन हे नेहमीचं औषधही तुलनेला होतं. या संशोधनामागे बहुतांशी उत्पादक कंपनीच आहे, हे विसरता येत नाही; तरी पुरावा दुर्लक्ष करण्यासारखाही नाही. दुसरं उदाहरण पेपरमिंटचं. पोटात मुरडा येऊन शौचाचं तंत्र बिघडण्याच्या आयबीएस या तक्रारीवर आतड्यात विरघळणारी पेपरमिंट तेलाची कॅप्सूल अमेरिकी पोटविकारतज्ज्ञांनी २०२१ च्या मार्गदर्शनात सुचवली आहे. त्याच सुमारास हॉलंडमधल्या मोठ्या चाचणीत मात्र तिला ठरवलेली मुख्य पातळी गाठता आली नाही. मुरुमांवर पाच टक्के टी ट्री तेलाचं मलम १९९० मध्ये १२४ रुग्णांवर पाहिलं गेलं. ते बेन्झॉइल पेरॉक्साइडपेक्षा सावकाश लागू पडलं, पण त्वचेची आग कमी झाली. यातली कॅप्सूल ठरावीक मात्रेची, तपासलेली, डॉक्टरच्या सल्ल्याने घ्यायची असते. दुकानातली बाटली म्हणजे ती कॅप्सूल नव्हे, हे ठामपणे सांगायला हवं.

बाकीचं चित्र फिकं आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवरच्या १३ अभ्यासांचा कोक्रेन या संस्थेचा आढावा २०२० मध्ये आला. ७०८ रुग्ण, आणि उपयोगाचा खात्रीचा पुरावा नाही. ब्रिटनमध्ये कर्करोगाच्या २८८ रुग्णांना सुगंधी तेलाने मालिश देऊन पाहिलं. सहा आठवड्यांनी चिंता-उदासी कमी होती, दहा आठवड्यांनी फरक उरला नव्हता. हा निकाल मला निराश करत नाही. केमोथेरपीच्या काळात सहा आठवडे कुणाला थोडं निवांत वाटलं तर ते मोलाचंच आहे; फक्त ‘कर्करोगावर उपाय’ असं कुणी म्हणू नये. डासांचं तर थोडक्यात सांगून टाकतो. २००२ च्या एका चोख तुलनेत सिट्रोनेलाची उत्पादनं वीस मिनिटंही टिकली नाहीत, आणि डीईईटी या डासरोधक द्रव्याचं उत्पादन पाच तास टिकलं. डेंग्यूच्या दिवसांत सुवासावर विसंबू नका.

आता धोका, आणि इथे मला सावकाश बोलायचं आहे. बेंगळुरूच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने दक्षिण भारतातल्या चार रुग्णालयांत चार वर्षं चाललेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्यांदा फिट आलेले किंवा औषध चालू असूनही फिट आलेले ३५० रुग्ण त्यांनी तपासले. त्यांतल्या ५५ जणांच्या फिटचा संबंध कापूर किंवा निलगिरी असलेल्या तेलांशी, बामशी किंवा तत्सम वस्तूंशी जोडता आला. कुणी हुंगलं होतं, कुणी अंगाला चोळलं होतं, कुणाच्या पोटात गेलं होतं. आपल्या घरात या दोन्ही वस्तू देवघरापासून औषधांच्या डब्यापर्यंत सगळीकडे असतात. लहान मुलाच्या बाबतीत अर्धा-एक ग्रॅम कापूरही जिवावर बेतू शकतो. आरतीच्या वड्या मुलाच्या हाताला लागतील अशा ठेवू नयेत, निलगिरीची बाटली खोकल्याच्या औषधाशेजारी ठेवू नये, कारण रात्री अर्धवट झोपेत चमच्यात भलतंच ओतलं जातं. दोन वर्षांखालच्या बाळाच्या छातीला, नाकाखाली कापूर-मेन्थॉलचा बाम लावू नये. बाळाला सर्दी झाली की आजी प्रेमानेच हात पुढे करते. तिला हे मायेने समजावून सांगा.

मुलाने असं तेल गिळलंच तर उलटी करवू नका. ते हलकं तेल उलटीबरोबर श्वासनलिकेत उतरलं तर फुप्फुसाला सूज येते. बाटली सोबत घ्या, १०८ ला फोन करा आणि जवळचं रुग्णालय गाठा.

मोठ्यांचा प्रश्न बहुधा त्वचेचा. न पातळ करता लावलेलं तेल चरचरतं, फोड आणतं. उघडी पडून जुनी झालेली बाटली जास्त त्रास देते, कारण लिमोनीन आणि लिनॅलूल हवेने बदलून ॲलर्जी करणारी द्रव्यं बनतात. लावायचंच तर दहा मिलिलिटर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात दोन-चार थेंब, आणि आधी कोपराच्या आत एक दिवस लावून पाहा. घरात दमेकरी, तान्हं बाळ किंवा मांजर असेल तर डिफ्यूझर चालवूच नये, असं मी म्हणेन. मांजराच्या यकृताला ही द्रव्यं नीट निकामी करता येत नाहीत.

एका ओळखीच्या बाईंना अशाच बाटल्यांच्या एका विक्री-मेळाव्यात सकाळच्या पाण्यात रोज लिंबूतेलाचे थेंब घ्यायला सांगितलं होतं. छातीत जळजळ वाढली तेव्हा ‘विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत’ असं उत्तर मिळालं. त्यांनी आणखी तीन आठवडे ते चालू ठेवलं. मला याचा राग आहे आणि तो लपवायची इच्छा नाही. त्रास होणं हीच गुण येण्याची खूण, असं सांगणाऱ्याकडून काहीही विकत घेऊ नये.

कायदा या बाबतीत अर्धवट साथ देतो. वस्तू औषध की प्रसाधन, हा वाद आपल्याकडे फार गाजलेला आहे. विको कंपनीचे संस्थापक केशव विष्णू पेंढरकर मूळचे नागपूरचे, इथे त्यांचं किराणा दुकान होतं. त्यांच्या हळद आणि चंदनतेलाच्या क्रीमवरून उत्पादन शुल्क खात्याशी चाललेला खटला सर्वोच्च न्यायालयात संपला. खात्याच्या बाजूने पक्षकार होते नागपूरचेच केंद्रीय उत्पादन शुल्क आयुक्त. न्यायालयाने ती वस्तू आयुर्वेदिक औषध ठरवली. निकाल मात्र कराचा होता, आरोग्याच्या दाव्यांचा नव्हता. आज बाजारातल्या बहुतेक सुगंधी बाटल्यांवर औषधाचा परवाना क्रमांकच नसतो, तरी त्या विकताना मधुमेहापासून मिरगीपर्यंतचे दावे केले जातात. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिराती कायद्याने असे दावे गुन्हा आहेत. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते आणि ती केली पाहिजे.

शुद्धतेचा भरवसाही बाटलीवरच्या ‘१०० टक्के शुद्ध’ या शब्दांवर ठेवता येत नाही. खरं चंदनतेल किलोला लाखाच्या वर जातं; मग दोनशे रुपयांच्या बाटलीत काय असेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. आणि शुद्धतेखेरीज स्वच्छताही आहे. २०२१ मध्ये भारतात बनलेल्या लॅव्हेंडर-कॅमोमाइलच्या एका खोलीत फवारायच्या स्प्रेत मेलिऑयडोसिस या आजाराचे जंतू निघाले. अमेरिकेत चौघे आजारी पडले, दोघे दगावले.

नागपूरला स्वतःचं तेल करण्याची संधी मात्र डोळ्यांसमोर आहे. रघुजी भोसल्यांच्या काळात इथे आलेलं संत्रं आज काटोल, नरखेड, वरूड, मोर्शीपर्यंत पसरलं आहे. २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ब्राझीलमध्ये रसाच्या कारखान्यांत सालीचं तेल आपोआप हाती येतं. आपलं संत्रं बहुतेक हाताने सोलून खाल्लं जातं, आणि साल कचऱ्याच्या गाडीत जाते. केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था याच शहरात आहे, तेलतंत्रज्ञान शिकवणारी १९४२ ची लक्ष्मीनारायण संस्था याच शहरात आहे. केंद्राच्या अरोमा मिशनने जम्मूतल्या भदरवाहच्या शेतकऱ्यांना लॅव्हेंडर दिला. तसंच इथे संत्र्याच्या सालीचं आणि रोशाचं तेल, प्रत्येक खेपेचा तपासणी अहवाल जोडून, ‘आरोग्य’ असा शब्द न लावता नुसता सुगंध म्हणून विकलं, तरी बागाईतदाराला चार पैसे मिळतील.

मी स्वतः वापरतो ते एवढंच. उन्हाळ्यात वाळा, पावसाळ्यात कपाटात गवती चहाचं वाळलेलं पातं, आणि थकलेल्या संध्याकाळी सोललेल्या संत्र्याची साल उशाशी. बरं वाटतं. पण मन दोन आठवड्यांहून अधिक काळ खचलेलं असेल, झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर तिथे कुठल्याही बाटलीवर वेळ घालवू नका. टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.